आठ सेकंदांत दहा छर्रे

माझ्याकडे एक एअर रायफल आहे. तिच्या उजव्या अंगाला एक छोटा दांडा आहे. तो मागे ओढून पुढे ढकलला, की पुढचा छर्रा आपोआप नळीत येऊन बसतो. ह्याला साइड लिव्हर म्हणतात. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ह्या लिव्हरमुळे आठ सेकंदांत दहा छर्रे झाडता येतात. मी अकरा महिन्यांत दहा झाडले. सरासरी ज्याची त्यानं काढावी. मी ते सोडून दिलं आहे.

रायफल का घेतली ह्याची मी तीन जणांना तीन कारणं दिली. बायकोला सांगितलं, एकाग्रता वाढते. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं, ऑलिम्पिकचा खेळ आहे. तळमजल्यावरच्या बुधाजीला सांगितलं, हौस. त्याला तेवढं पुरलं. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. ते असं, की गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास बँकेतली मुलगी मला म्हणाली, "काका, ही तुमची सही नाही." मी तिच्यासमोरच केली होती. मग आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला दोन्ही हात पुढे करायला लावले, थोडा वेळ उजव्याकडे बघितलं आणि म्हणाले, "थरथर आहे थोडी. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." 'थोडी' हा शब्द त्यांनी माझ्याकडे न बघता उच्चारला. माझ्या वडिलांची थरथरही उजव्याच हातापासून सुरू झाली होती. पुढे ती कुठवर गेली, ते मी बघितलं होतं.

तेव्हा मी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो नाही. मध्यमवर्गीय माणूस तपासणीला जात नाही, तपासणीला पर्याय शोधतो. कॉलेजात एनसीसीत असताना माझे पाचही राउंड चार आण्याच्या नाण्याखाली झाकले जायचे. आयुष्यात मला निर्विवाद येत असलेली ती एकच गोष्ट. म्हटलं, बंदूक घ्यावी, दहा मीटरवर कागद लावावा, दहा छर्रे झाडावेत. सगळे एका नाण्याखाली आले तर हात ठणठणीत आणि डॉक्टर चुकले. नाही आले तर... ते नाही आल्यावर बघू. कागदाला आपण दुखावू ह्याची भीती नसते, म्हणून तो 'थोडी' म्हणत नाही.

त्यातही साइड लिव्हरच का, तर इंटरनेटवरचे मालकांचे अनुभव. मी ते महिनाभर वाचले. साताऱ्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "लिव्हर लोण्यासारखा चालतो. सकाळी उठल्यावर रिकामाच चार वेळा ओढतो, बरं वाटतं." दुसऱ्यांनी लिहिलं होतं, की जुन्या पद्धतीच्या बंदुकीत प्रत्येक छर्रा दोन बोटांनी धरून नळीत बसवावा लागतो, ह्यात ती कटकट नाही. हे दोन बोटांचं वाक्य मी चारदा वाचलं आणि दुकान गाठलं. आधारकार्डाची झेरॉक्स दिली. दुकानदार म्हणाला, "ह्या ताकदीच्या रायफलला लायसन लागत नाही, साहेब. बिनधास्त घेऊन जा."

बिनधास्त मी सुकापूरच्या आमच्या सोसायटीपर्यंतच गेलो. गेटवर आमचे सेक्रेटरी भावेशभाई उभे होते. साडेतीन फुटांचा खोका बघून त्यांनी आधी फोल्डिंग टेबल म्हणून अभिनंदन केलं. मी खरं सांगितलं. ही माझी पहिली चूक.

रविवारी तातडीची सभा भरली. गळक्या टाकीसाठी दोन वर्षं कोरम होत नव्हता, तो माझ्यासाठी दहा मिनिटांत झाला.

"विश्वजीतभाई, तुमच्यावर डाउट नाही," भावेशभाई म्हणाले. "पण लायसन पायजेल ना."

"लागत नाही."

"तेच. लागत नाही त्याचा कागद पायजेल."

तिसऱ्या मजल्यावरच्या निशाताईंची अडचण वेगळी होती. त्यांच्या हृतिकला बघायला येत्या काही महिन्यांत मुलीकडचे येणार होते. "त्यांनी विचारलं, वरती कोण राहतं, तर काय सांगू? बंदूकवाले?"

"एअर गन आहे ती, निशाताई."

"मुलीच्या आईला मी गनच्या आतली एअर कशी दाखवू?"

बुधाजी मागे भिंतीला टेकून उभा होता. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती त्याची. मोबदल्यात त्याला चार फ्लॅट मिळाले, पण मनातून त्यानं जमीन अजून सोडलेली नाही. तो शांतपणे म्हणाला, "माज्या भातावर उभं र्‍हाऊन भांडू नका. भाऊ, तुमी पोलिसात जा नि शिक्का आना."

मी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला.

"लायसन लागत नाही ना?"

"नाही."

"मग आलात कशाला?"

"लागत नाही असं लिहून हवंय."

"जे लागतं त्याचा फॉर्म असतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, दुःख होतं. "जे लागत नाही त्याचा कसा असंल? उद्या तुम्ही म्हणाल, लाटण्याला लायसन लागत नाही असं लिहून द्या."

मी चार वेळा गेलो. तिसऱ्या वेळेला निवडणूक लागलेली होती. सोसायटीनं फर्मान काढलं, की आचारसंहितेत हत्यारं पोलिसांकडे जमा करतात, तेव्हा जमा करा. मी खोका घेऊन गेलो. हवालदार म्हणाले, लायसनवालं हत्यारच जमा होतं. तुमचं लायसन नाही, म्हणून ते हत्यार नाही, म्हणून जमा होत नाही. मी म्हटलं, हेच लिहून द्या. ते म्हणाले, हे तोंडी आहे. चौथ्या वेळेला त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी माझ्याच अर्जाच्या प्रतीवर आवक विभागाचा गोल शिक्का मारला. 'अर्ज मिळाला', एवढाच त्याचा अर्थ. त्यात परवानगी नव्हती की नकार नव्हता. पण शिक्का निळा आणि ठसठशीत होता. भावेशभाईंनी तो उजेडात धरला, लॅमिनेट करून फाइलला लावला आणि विषय संपला. निशाताईंनी मुलीकडच्यांना सांगितलं, की आमच्या बिल्डिंगमध्ये पोलिसांच्या संमतीनं बंदोबस्त असतो. लग्न ठरलं.

ह्यात चार महिने गेले. दरम्यान चहा पिताना मी कप डाव्या हातात धरायला लागलो होतो. कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता हवा. ह्या रायफलीत नळीखाली हवेची एक टाकी असते, ती हातपंपानं भरावी लागते. कंपनी ह्याबद्दल कमी बोलते. पंप सायकलच्या पंपासारखा दिसतो, पण शेवटच्या पन्नास वेळांना त्यावर आपलं संपूर्ण वजन टाकलं तरी तो खाली जात नाही, उलट आपल्याला वर उचलतो. माझं वजन आजवर कुणी इतक्या स्पष्टपणे नाकारलं नव्हतं. आठव्या दिवशी दीडशे वेळा पंप मारल्यावर पाठीत काहीतरी लचकलं आणि मी दोन आठवडे बेल्ट लावून फिरलो. खालच्या मजल्यावरून निरोप आला, की रोज संध्याकाळी छतातून कुणीतरी धापा टाकल्याचा आवाज येतो, सगळं ठीक ना. मनिषा, म्हणजे माझी बायको, निरोप आणणाऱ्याला म्हणाली, "एकाग्रता करताहेत."

मी पंक्चरवाल्याकडेही जाऊन आलो. त्यानं कॉम्प्रेसर थांबवला आणि विचारलं, "कितनी भरनी है?" मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "अंकल, इतनी हवा तो डंपर में नहीं जाती. घर जाओ."

पाठ बरी झाल्यावर प्रश्न उरला दहा मीटरांचा. आमच्या फ्लॅटमधली सगळ्यांत लांब सरळ रेघ गॅलरीपासून हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत जाते. मी टेपनं मोजली. आठ मीटर वीस. शिवाय ती देवघराच्या अगदी शेजारून जाते.

"बाप्पाच्या कानाजवळून छर्रा नेणार तुम्ही?" मनिषानं विचारलं.

"नेम चांगला आहे माझा."

तिनं खाली बघितलं. टेपचं दुसरं टोक तिच्या हातात होतं. माझ्या हातातलं टोक फरशीवर वाजत होतं. मी टेप गुंडाळली.

गच्चीसाठी अर्ज केला. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, सोलर आणि निशाताईंचे पापड. नकार आला, तोही लेखी. नकाराचा फॉर्म असतो.

शेवटी बुधाजीच मदतीला आला. शिरढोणच्या बाजूला त्याचं एक गोडाऊन आहे, भाताचं. भात गेलं, गोडाऊन राहिलं. "लांबी धा नाय, ईस मीटर हाय," तो म्हणाला. "खुशाल मारा. पन एक गोष्ट. आयेला बंदूक पुजायची हाय."

त्याची आई चंद्रावती. वय ऐंशीच्या पुढे, नऊवारी घट्ट नेसलेली, नजर घारीची. त्यांच्या घरात पूर्वी ठासणीची बंदूक होती, खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. ती सरकारात गेली तेव्हापासून म्हातारी विळ्याकोयत्यांवर भागवत होती. आता बिल्डिंगमध्येच बंदूक आली, ती सुद्धा शिक्क्याची. मी म्हटलं, एवढंच ना, हळदकुंकवाचं बोट तर लावायचं आहे. ही माझी शेवटची चूक. मधल्या मोजत बसत नाही.

खंडेनवमीला तळमजल्यावर पाट मांडला. विळा, कोयता, मिस्त्रीची करवत, भावेशभाईंच्या पत्नी हेतलभाभींचा मिक्सर, खुद्द भावेशभाईंचा लॅपटॉप आणि मधोमध माझी रायफल. मी ऑफिसातून यायला अर्धा तास उशीर केला, तेवढ्यात पूजा उरकली होती. हेतलभाभींनी लिव्हरला लाल नाडा सात वेढे देऊन बांधला होता. निशाताईंनी नवसाच्या मुठी भरून अक्षता टाकल्या होत्या. कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून कुणीतरी ते तुपात कालवलं होतं. सगळं लोखंड सौभाग्यवतीसारखं दिसत होतं.

"आज्जी, नळीच्या तोंडाला हे काय लागलंय?"

"गूल," चंद्रावती म्हणाली. "तोंड गोड करावा लागतं. नायतर बंदूक घरच्याच मानसावर रुसते."

"किती भरवलात?"

"जाईल तवरा."

मी नाडा सोडला आणि लिव्हर ओढला. तो लोण्यासारखा अर्ध्यावर आला आणि थांबला. आतून तांदूळ दळल्याचा बारीक आवाज आला. अंदाजे सात माणसं माझ्याकडे बघत होती. मी लिव्हर तसाच सोडून नमस्कार केला. दुसरं काय करणार? सकाळी बंदुकीला मुंग्या लागल्या होत्या. दारापासून कपाटापर्यंत शिस्तीत रांग, आणि ती नळीत शिरून दुसरीकडून बाहेर पडत होती. त्या बंदुकीतून सलग काही बाहेर पडताना मी पहिल्यांदा बघितलं.

दुकानदाराला फोन केला. त्यानं पावतीचा नंबर विचारला. मग म्हणाला, "साहेब, गॅरंटीत गूळ येत नाही." मालकांच्या ग्रुपवर विचारलं, साइड लिव्हरमध्ये अक्षता अडकल्यास काय करावे? अठ्ठावीस जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. साताऱ्याच्या गृहस्थांनी ग्रुप सोडला.

बुधाजीला सगळ्यात वाईट वाटलं. तो वर आला, रायफल मांडीवर घेऊन खुर्चीत बसला आणि तीन संध्याकाळी उठला नाही. मासे धरायच्या गळाची तंगूस त्यानं नळीतून ओवली, टोकाला चिंधी बांधली, कोमट पाण्यात भिजवून इकडून तिकडे ओढली. पहिल्या चिंधीवर गूळ आला, दुसरीवर मुंग्या, नवव्या की दहाव्या चिंधीवर काहीच आलं नाही. लिव्हरमधले तांदळाचे कण त्यानं सुईनं एकेक करून उचलले. मी शेजारी बसून टॉर्च धरायचो. दुसऱ्या दिवशी तो मान वर न करता म्हणाला, "भाऊ, उजेड जरा ठेवा एका जाग्याव." मी टॉर्च पुस्तकांवर टेकवून ठेवली. त्यानं पुढचा कण उचलला.

रविवारी सकाळी आम्ही गोडाऊनला गेलो. बुधाजी, त्याची आई आणि मी. म्हातारीला बघायचं होतं, पूजा फळते की नाही. बुधाजीनं दहा मीटर मोजले, पलीकडच्या भिंतीला वाळूची पोती लावली, त्यावर कागद टाचला. पंप त्यानंच मारला. दोनशे वेळा मोजून झाल्यावर त्यानं फक्त मिशी पुसली.

मी पाय रोवले. एनसीसीत शिकवलेलं सगळं शरीराला आठवत होतं. कोपर बरगडीशी, गाल दस्त्याला, श्वास अर्धा सोडून थांबायचं, मग चाप. पहिला झाडला. लिव्हर ओढला, ढकलला. खरंच, लोण्यासारखा. दुसरा. तिसरा. ह्या रायफलीची सगळे मालक तारीफ करतात ते खोटं नाही. एक झाला की दुसरा तयार असतो, मध्ये विचार करायला जागाच ठेवत नाही. समोरच्या काळ्या ठिपक्यावर रोखलेली नळीच्या टोकाची माशी मात्र एका जागी थांबत नव्हती, डुलत होती. मी तिच्या मागोमाग जात राहिलो. आठ सेकंद नाही, पण मिनिटभरात दहाही संपले. अकरा महिने ज्यासाठी धापा टाकल्या, ते मिनिटभरात संपलं.

बुधाजी कागद घेऊन आला. आठ भोकं होती. पनवेल तालुक्याची गावं नकाशावर जशी पसरलेली असतात, तशी. दोन कागदातच नव्हती. ती कुठे गेली, ते वाळूच्या पोत्यांना माहीत.

म्हातारीनं कागद डोळ्यांजवळ नेला. "गूल र्‍हायला असंल आत," ती म्हणाली. "माजीच चुकी."

मला तिचे पाय धरावेसे वाटले. गूळ राहिला असेल. का नाही? नळी आतून चिकट असेल, छर्रे वाकडे जात असतील. अख्खी सोसायटी साक्षीला आली असती, की ह्या माणसाचा हात चांगला होता, बंदूक गुळानं बिघडली. मी घाईघाईनं म्हणालो, "तसंच असणार. बुधाजी, तूच मारून बघ एकदा."

हे का बोललो, मला माहीत नाही. कदाचित खात्रीच करून घ्यायची असेल. बुधाजीनं आयुष्यात एअर रायफल धरली नव्हती. त्यानं नवा कागद लावला, बंदूक फावड्यासारखी उचलली, एक डोळा मिटायचा असतो हेही त्याला सांगावं लागलं. मग ओढ, ढकल, ठप्प. ओढ, ढकल, ठप्प. दहा.

तो कागद आणायला गेला आणि परत यायला त्याला फार वेळ लागला. कागद त्यानं माझ्याकडे दिला नाही, घडी घालायला लागला. मी मागून घेतला. दहाही भोकं एकात एक गेली होती. वर एक रुपयाचं नाणं ठेवलं असतं, तर काही दिसलं नसतं.

गोडाऊनच्या पत्र्यावर कावळा चालत होता. म्हातारी काही बोलायला गेली. बुधाजी म्हणाला, "आये, तू भायेर बस जा."

ती गेली. बुधाजीनं रायफलीची उरलेली हवा सोडली, ती खोक्यात ठेवली, झाकण लावलं. मग माझ्या हाताकडे न बघता म्हणाला, "मी समद्यांना बोलतो, गुलानं बिघारली."

"बंदूक बरी आहे, बुधाजी."

"बंदूक बरी हाय," तो म्हणाला. "पन बोलतो."

तो खरंच बोलला. दुपारपर्यंत बिल्डिंगभर झालं. हेतलभाभींना अपराधी वाटून त्यांनी वाटी भरून गुळाची सुखडी पाठवली. भावेशभाई म्हणाले, सोसायटीच्या फंडातून दुरुस्तीचा ठराव मांडू. निशाताई जिन्यात भेटल्या. "वस्तू चांगली होती हो," असं त्या म्हणाल्या, म्हणजे गेलेल्या माणसाबद्दल जसं म्हणतात तसं.

घरी मनिषा भाजी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि दोन्ही कागद टेबलावर ठेवले. माझा आणि बुधाजीचा. सगळं सांगितलं. बँक, डॉक्टर, 'थोडी'. आधी ठरवलेली वाक्यं होती, ती एकही नीट आली नाहीत. बोलून झाल्यावर उजवा हात टेबलावर ठेवला. तो आपलं काम करत होता.

मनिषानं कागदांकडे बघितलंही नाही. मेथीची एक काडी बाजूला टाकली आणि म्हणाली, "गेल्या दिवाळीपासून आपल्याकडे एकदा तरी कढी झाली का?"

मी आठवून बघितलं. झुणका, सुकी बटाट्याची भाजी, घट्ट उसळ, पुन्हा झुणका. मी समजत होतो, तिचा स्वयंपाकाचा उत्साह गेला.

"आमटी? रस्सा?"

"नाही."

"शर्टावर सांडलं की तुम्ही दिवसभर बोलायचा नाहीत कुणाशी. म्हणून बंद केलं." तिनं जुडी वळवली. "खारघरच्या डॉक्टरांचा नंबर मी जानेवारीत लावला होता. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून दोनदा पुढे ढकलला. आता बुधवारचा मिळालाय. रजा टाका."

मी मान हलवली. ती उठली, फ्रिजमधून ताक काढलं, पातेलं ओट्यावर ठेवलं.

"काय करतेयस?"

"कढी," ती म्हणाली. "सांडली तर सांडली."